शगुफ्ता आपाचा रोजचा पेला

मुलांनो, नेरच्या बसस्टँडसमोर एका हातगाडीवर गाजर-बिटाचा रस काढणारे जुने यंत्र दिसते ना, ते मी. माझे अंग लोखंडी आणि दांडा लाकडी आहे. माझी उमेदीची वर्षे अमरावतीच्या एका हॉटेलात गेली. पुढे तिथे विजेचे यंत्र आले आणि मी भंगारात पडले. तिथून इकबालने मला उचलले.

इकबाल जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, मिस्त्री होता. २००६ च्या सुमारास, कापसाच्या त्या वाईट वर्षांत, जिनिंग बंद पडली. तेव्हा त्याने मला घासूनपुसून गाडीवर बसवले. नानाजी नावाचे निवृत्त मास्तर रोज रस प्यायला येत. एकदा ते म्हणाले, “इकबाल, गाजर, बीट, पालक यायच्यात अँटिऑक्सिडंट असतात. ते शरीरातल्या पेशींची झीज आवरतात. अशा भाज्या-फळं रोज खाणाऱ्याले काही कॅन्सरचा धोका कमी असतो.”

दुसऱ्याच दिवशी गाडीवर पाटी लागली: ‘कॅन्सरवर हमखास इलाज’.

“अरे, मी असं कुठं म्हटलं?” नानाजी चिडले. इकबाल नुसता हसला. गिऱ्हाइके वाढली होती. खरे सांगायचे तर त्या पाटीने मीही फुशारले होते.

इकबालची थोरली बहीण शगुफ्ता. आई गेल्यावर तिनेच शिवणकाम करून त्याला वाढवले होते. एक दिवस तिने इकबालच्या बायकोला, हमीदाला, हळूच सांगितले की छातीत गाठ लागते, पण दुखत नाही.

“आपा, उद्याच यवतमाळच्या दवाखान्यात जाऊ,” हमीदा म्हणाली.

“तू काहून घाबरवून राह्यली तिले?” इकबाल म्हणाला. “आपली मशीन कायले हाय? रोज पेलाभर रस पिईन, गाठ विरून जाईन.”

त्याचे बहिणीवर जिवापाड प्रेम होते. सकाळचा पहिला पेला तिचाच. तो जोर लावून दांडा फिरवायचा आणि आपा समोरच्या बाकावर बसून शेवटच्या थेंबापर्यंत रस प्यायची. सात महिने हे चालले. गाठ वाढतच गेली. मी तिच्यासाठी पिळत होते आणि तिची वेळ निघून जात होती.

शेवटी हमीदाच तिला दवाखान्यात घेऊन गेली. इकबालही मागोमाग गेला. तिथे काय झाले ते हमीदाने गाडीपाशी नानाजींना सांगितले. डॉक्टरीणबाईंनी विचारले होते, “इतके दिवस का थांबलात?” तेव्हा इकबालच्या आधी आपाच म्हणाली, “मलेच भ्या वाटत होतं, बाई. हा त रोज चाल म्हणे.”

एवढे सांगून हमीदा पदराने डोळे पुसू लागली.

कापूस वेचणीच्या दिवसांत आपा गेली. इकबालने पाटी फोडली आणि मला पोत्याखाली झाकून ठेवले. माझ्या दांड्याला त्याने पुन्हा हात लावला नाही. मी गंजत राहिले.

वर्षभराने हमीदाने मला बाहेर काढले, चिंचेने घासले आणि स्वतः गाडी लावली. रस देताना ती प्रत्येकाला सांगते, “हे खाणं हाय, दवा नाही.” परवा मानीबाई नावाची एक मजूर बाई आपल्या बहिणीला घेऊन आली. तिने विचारले, “बहिनीच्या गाठीले कोन्ता रस देऊ?” हमीदाने हातातली गाजरे खाली ठेवली. गाडी नानाजींच्या हवाली केली आणि त्या दोघी बहिणींना घेऊन ती यवतमाळच्या बसमध्ये चढली.

मुलांनो, ताटात रोज पालेभाजी, गाजर, टमाटर, आवळा असू द्या. त्याने अंगाची राखण होते. पण कुणाच्या अंगाला गाठ लागली, तर माझ्यापाशी थांबू नका. माझ्या समोरून यवतमाळची बस जाते. तिच्यात बसा.