लाल खुणेपर्यंत

उंची मोजायच्या लाकडी पट्टीचं बूड पाण्याने कुजलं होतं. एका घराच्या दारचौकटीवर पेन्सिलीच्या रेघा वाढत होत्या. सोमवारी सुताराने कुजकं बूड कापलं आणि पट्टी परत ठोकली. पाच वर्षांच्या एका मुलीला पोहण्याचा नवा पोशाख मिळाला.

ती मुलगी पाण्याच्या उंच घसरगुंडीवरच्या राखणदाराची. आज तो तिला कामावर घेऊन आला होता. घसरगुंडीपाशी ठोकलेल्या पट्टीला पाठ लावून ती उभी राहिली, तर डोकं थेट लाल खुणेला; तिथवर पोचेल त्यालाच घसरगुंडीवर सोडत.

"लागलं बघा, बाबा. आता नाही म्हणायचं नाही हं."

परवाच राखणदाराने तिला घरी मोजलं होतं; या उंचीला ती चांगली चार बोटं कमी होती. तो खाली वाकला. बुडाशी करवतीचा काप दिसला. खूणच खाली उतरली होती.

त्याने घसरगुंडीच्या तोंडाला साखळी लावली आणि लेकीला कडेवर घेतलं.

"वा, आमची पोरं बिनघोर सोडता," रांगेतला एक बाप म्हणाला, "आणि स्वतःची मात्र तळहातावर?"

राखणदाराने साखळीला कुलूप घातलं.

मंगळवारी घसरगुंडीच्या वळणावर मान मोडलेल्या मुलीला त्यानेच याच पट्टीशी मोजून खाली सोडलं होतं.