शेवटचं नीट कधी पाहिलंत?

"यांना शेवटचं नीट चालताना-बोलताना कधी पाहिलंत?" डॉक्टर शेफालींनी विचारलं आणि सौदामिनी बोलून गेली, "काल रात्री. सकाळी उठले ते असेच."

खोटं होतं. तिचे सासरे आनंदराव सकाळी गावी, हिर्डोशीत, स्वतःच्या हातांनी अंगणात मांडव घालत होते. नणंदेच्या लेकीचं बारसं होतं. अकरा वीसला त्यांच्या हातून पेढ्यांचं ताट निसटलं, जीभ अडखळली, पाय लटपटला. भोरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या, पक्षाघाताची हीच लक्षणं दरवर्षी फळ्यावर लिहून देणाऱ्या सौदामिनीने पाहुण्यांसमोर दातओठ खाऊन म्हटलं, "आबा, आज तरी प्यायला नको होती." आणि दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं. आबांनी दारू सोडून तीन वर्षं झाली होती. घरात त्यावर विश्वास न ठेवणारी ती एकटीच होती.

सव्वाबाराला सासूबाई जेवायला उठवायला गेल्या, तर आबांचा उजवा हात हलत नव्हता. मग टेम्पो, घाट, नसरापूरची गर्दी आणि हे पुण्यातलं हॉस्पिटल.

"वेळ ठाऊक नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असं पटकन देता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "मेंदूला रक्त कुठे किती पोचतंय, त्याचा स्कॅन आधी करू."

त्यात अर्धा तास गेला. आता पडद्यावर आबांचा मेंदू होता. डाव्या बाजूला लाल ठिपका, भोवती मोठा हिरवा पट्टा.

"लाल गेलं. हिरवं उपाशी आहे, पण जिवंत आहे. रक्त पोचलं नाही तर हेही जाईल. मग बोलणं आणि उजवी बाजू, दोन्ही गमावतील." डॉक्टरांनी हिरव्यावरून बोट फिरवलं. "रात्रीपासूनचं असेल तर नुकसान फारच कमी दिसतंय. होतं कधीकधी. नुसत्या चित्रावरून वेळ सांगता येत नाही. ताई, नक्की रात्रीच ना?"

सौदामिनीने घड्याळ पाहिलं. तीन वाजून बारा मिनिटं. त्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत ती स्वतः शिकवायची. अडतीस मिनिटं उरली होती. दारात तिच्या सासूबाई बनाबाई आबांच्या चपला छातीशी धरून उभ्या होत्या.

"अकरा वीस," ती म्हणाली. "माझ्यासमोर झालं. मला वाटलं, प्यायलेत. मी खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली."

डॉक्टरांनी एक शब्दही ऐकवला नाही. "सिस्टर, इंजेक्शन भरा," म्हणत त्या आत पळाल्या. सौदामिनीला वाटलं, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू लावलीस व्हय कडी?" बनाबाई म्हणाल्या.

"हो, आई."

बनाबाई भिंतीला टेकल्या, तशाच खाली बसल्या.

"दार वाजत व्हतं गं लई येळ. मला वाटलं, पोरं खेळत्यात. म्या आतनंच वरडले, गप बसा रे मेल्यांनो."

सौदामिनी त्यांच्याजवळ फरशीवर बसली. त्यांचा हात धरावा असं तिला वाटलं, पण आपला हात तिने मांडीवरच ठेवला.

"आणि मग?" तिने विचारलं.

"मग ते बसले की गप."