तांदळाच्या हंड्यातले मोबाईल

भोरच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भाजीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. एसटी स्टँडच्या बाजूला भगव्या कापडाचा मांडव पडला होता आणि त्याच्यापुढे मोबाईल हातात घेतलेल्या माणसांची ही भली मोठी रांग. वेगनाथ महाराज नावाचा एक इसम हळू चालणारे मोबाईल वेगवान करून देत होता. मंत्राने! मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि असल्या माणसांविषयी मला तिळमात्र सहानुभूती नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

"फोन बिघडत नसतो, माउली!" महाराज माइकवर गरजत होता. "फोनला नजर लागते! दिवसभर कुणाकुणाशी बोलता? त्यांचा मत्सर टॉवरवरून उतरतो आणि आत साचतो. साचला की फोन जड होतो. मग ते गोल चक्र फिरत बसतं. कसलं चक्र आहे ते? राहूचं!"

लोकांनी माना डोलावल्या. टॉवरवरून मत्सर उतरतो, हे ऐकून एकालाही हसू आलं नाही.

विधी असा होता. शेरभर इंद्रायणी तांदूळ वाहायचा. मोबाईल लाल फडक्यात गुंडाळून द्यायचा. पडद्याआड महाराजाचा चेला तो तांदळाच्या हंड्यात पुरणार आणि आपण बाहेर बसून आरती म्हणायची. शिवाय मोबाईलचं कुलूप उघडायचा आकडा चेल्याच्या कानात सांगायचा. देवापुढे कुलूप चालत नाही म्हणे.

आरती संपली की मोबाईल बाहेर यायचा आणि खरोखरच पळायचा. "आयला, बोट लावायच्या आत उघडतोय!" रांगेतला धनाजी ओरडला आणि महाराजाच्या पायावर पडला. ओळखीचे नंबर सिमकार्डवर असल्याने जागच्या जागी होते. बाकीचं काय झालं, हे त्या जयजयकारात बघतो कोण?

बघितलं ते बनाबाईने. ती बाजारात मेथी-वांगी घेऊन बसते. तिचा नवरा गेनबा पानशेतला एका हॉटेलात राखणदार होता. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून तो तिला आवाजाचे निरोप पाठवायचा. "अगं, म्हशीला पानी दावलंस का?" असलेच साधे निरोप. गेल्या दिवाळीत तो वारला. तेव्हापासून बनाबाई रोज संध्याकाळी ते निरोप लावून ऐकायची, आणि फोन अडकू लागला म्हणूनच ती महाराजाकडे गेली होती.

मी आणि आमच्या शाळेत संगणक शिकवणाऱ्या गुलनाज बाई तिच्याकडे भाजी घेत होतो, तेवढ्यात तिने फोन उघडला.

"सर, ह्यांचा आवाज कुठं गेला?"

गुलनाज बाईंनी फोन घेऊन पाहिला. आत काहीच नव्हतं. बनाबाई तशीच उठून मांडवात गेली, आम्ही तिच्या मागे.

महाराज क्षणभर चपापला. मग त्याने डोळे मिटले. "तुझ्या धन्याचा आत्मा त्या फोनात अडकला होता, माई. आज तो मोकळा झाला. रडू नको."

बनाबाईने हात जोडले. "सुटलं म्हना की माझं मानूस," ती पुटपुटली, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मला त्या माणसाची किळस आली. तरीही मी गुलनाज बाईंना हळूच म्हणालो, "हिला आता खरं सांगायचं का? गेलेलं तर गेलंच."

"रांग बघा, सर," त्या म्हणाल्या. "तेवढ्या सगळ्यांचं जायचंय अजून."

शाळेचा एक रखडणारा टॅबलेट कापूरहोळला दुरुस्तीला द्यायचा म्हणून त्यांच्या पिशवीत होता. तो त्यांनी सगळ्यांसमोर उंच धरला. "महाराज, मी इथेच करून दाखवते. तांदूळ नको, पडदा नको. मंत्र कुठला म्हणू? बाराखडी चालेल?"

लोक हसले. महाराज भडकला. "ही बाई आपल्यातली नाही! हिला आपल्या देवाचं काय?"

"माझ्या नातीला शिकवत्यात त्या," रांगेतल्या बाळाबाई कडाडल्या. "तू कुनाला शिकवलंस रं?"

गुलनाज बाईंनी सेटिंगमध्ये जाऊन एक पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "यातला सगळा मजकूर, फोटो, आवाज कायमचा पुसला जाईल. पुसायचा का?" त्यांनी बोट दाबलं. मेथीच्या दोन जुड्या निवडून होतात न होतात, तोच टॅबलेट कोरा होऊन सुरू झाला आणि पळू लागला.

"झाला चमत्कार," त्या म्हणाल्या. "आकडा याच्यासाठीच लागतो. देवाला कशाला लागेल? घर झाडायला सांगितलं आणि याने घरातलं सगळं सामान ओढ्यात टाकलं. मोकळं तर दिसणारच!"

मग त्यांनी बाळाबाईंचा फोन घेतला. तो भरला होता देवांनी. रोज सकाळी भावकीच्या ग्रुपवर येणारे गणपती, दत्त, खंडोबा आणि जड व्हिडिओ. एकही पुसलेला नाही.

"देव कसा पुसायचा, बाई? पाप लागंल की!" बाळाबाई घाबरल्या. रांगेत सगळ्यांचीच तीच गत होती.

बनाबाई आतापर्यंत टॅबलेटकडे बघत उभी होती. ती पुढे आली. "म्हंजे सुटलं न्हाई माझं मानूस. पुसलं ह्यानं." तिने बाळाबाईंच्या हातावर हात ठेवला. "पुसा बिनघोर, आत्याबाई. देव उद्या सकाळच्याला परत येतोय. माझा मानूस येत न्हाई."

देवांचे फोटो आणि व्हिडिओ पुसले गेले. फोन बंद करून पुन्हा लावला. तो सुरळीत चालू लागला आणि नातीचे फोटो जसेच्या तसे राहिले. रांग मोडली. लोकांनी चेल्याच्या हातून आपापले मोबाईल हिसकावून घेतले. धनाजी आपल्या कोऱ्या फोनात पोराच्या बारशाचे फोटो शोधत राहिला. महाराज तांदूळ मात्र टेम्पोत भरायला विसरला नाही.

"आता काय बी करून न्हाई निघायचा आवाज?" बनाबाईने विचारलं.

"नाही, बनाबाई," गुलनाज बाई म्हणाल्या, आणि तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या.

वाचकहो, फोन जड होतो तो आत भरलेल्या पसाऱ्याने. नको ते स्वतः पुसा, जपायचं ते आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवा. जो माणूस आपलं काम पडद्याआड करतो, त्याला आधी पडदा बाजूला करायला सांगा. नाही म्हणाला तर तिथून उठा. गेनबाचा आवाज आता कुठेही नाही. तो कुठल्या ग्रहाने नेला नाही. एका लबाड माणसाने बोटाने पुसला, आणि आपण बाहेर बसून आरती म्हणत होतो.