आधी कोणता दिवा लागला?

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. कागदोपत्री पांढरी. प्रत्यक्षात मात्र माझा रंग आता कितीही धुतलं तरी न उजळणाऱ्या पायपुसण्यासारखा झाला आहे. हसलात तरी चालेल, मला राग येत नाही. ज्याने लोखंडाच्या पोटात आग ठेवली आणि तिला चालायला लावलं, त्या देवाने मला चार चाकं दिली, दोन डोळे दिले, भोंगासुद्धा दिला. फक्त जीभ दिली नाही. भोंगा आहे, पण तो वाजवायला माणसाचा हात लागतो. माझं दुखणं सांगायला माझ्याकडे आहेत चालकासमोरचे दिवे, आणि माझ्या मेंदूत, म्हणजे इंजिनाशेजारच्या एका छोट्या डबीत, साठणारे कोड. एक अक्षर आणि चार आकडे, असा एक कोड. एवढ्यात काय ते ओळखा. तुम्हाला पोटात दुखतंय हे चार आकड्यांत सांगून बघा बरं एकदा!

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे लोखंडी हात मला जोडत होते आणि ठिणग्या उडत होत्या. शेवटी एका बाईने पांढरे हातमोजे घालून माझ्या टपावरून हात फिरवला आणि म्हणाली, "झाली हो ही! जाऊ दे." आयुष्यात मिळालेली ती पहिली शाबासकी.

तिथून मी नानांच्या घरी आले. नाना गावोगाव जाऊन देवाच्या गोष्टी गाऊन सांगत. माझ्या मागच्या बाजूला त्यांची पेटी, मृदंग आणि भिजू नये म्हणून दुहेरी पिशवीत बांधलेला सदरा. वाटेत ते सबंध कथेचा सराव करत. भक्ताचा आवाज वेगळा, राजाचा वेगळा, राजाच्या सासूचा तर विचारूच नका. मी ऐकत ऐकत चालायची. दुःख एवढंच, की गोष्ट ऐन रंगात आली की मुक्कामाचं गाव यायचं. शेवट नेहमी आत सभागृहात व्हायचा आणि मी बाहेर वाहनतळावर! आजही मला कितीतरी गोष्टी अर्ध्याच येतात. पण परतल्यावर नाना माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणायचे, "दमलीस गं बाई." तेवढ्या शब्दांवर मी पुढचा प्रवास करायची.

मग नानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ज्या माणसाचा आवाज शेवटच्या रांगेतल्या पेंगणाऱ्यालाही उठवायचा, त्याच्याकडे एकच शब्द उरला. तो शब्द म्हणजे "उद्या". भूक लागली, उद्या. ऊन लागलं, उद्या. आनंद झाला तरी उद्या.

त्या दिवसांत माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. अंगावर धुळीचा थर चढला. एका मांजरीने माझ्या टपावर बिऱ्हाड केलं. माझी तक्रार नव्हती, घरातच एवढं दुःख होतं. मग एके दिवशी नानांची मुलगी, आमची ताई, हातात बादली घेऊन आली. तिने मला आंघोळ घातली आणि सुताराकडून एक गुळगुळीत फळी करून आणली. फळीचं एक टोक चाकाच्या खुर्चीवर, दुसरं माझ्या पुढच्या आसनावर. नाना तिच्यावरून हळूहळू सरकत आत येत. दुसऱ्या कुठल्याही गाडीत ही फळी बसेना, मोठ्या गाड्या उंच आणि छोट्या फार खाली. म्हणून वाचेच्या व्यायामासाठी त्यांना रुग्णालयात न्यायचं ते मीच. तिथली बाई त्यांच्याकडून एकेक अक्षर घोटून घेई. मी बंद तर त्यांचा व्यायाम बंद, हे ताईला ठाऊक होतं आणि मलाही.

आणि नेमकी मी बंद पडले. भर दुपारी, चौकाच्या मधोमध. नानांना रुग्णालयातून घरी सोडून, शेजारणीला त्यांच्याजवळ बसवून ताई एकटीच औषधं आणायला निघाली होती, एवढीच देवाची कृपा. माझ्या इंजिनाच्या फिरण्यावर लक्ष ठेवणारा एक बोटभर सेन्सर आहे. तो "फिरतंय, फिरतंय" असं सांगत राहतो आणि त्याच्या भरवशावर मेंदू इंजिन चालवतो. तो सेन्सर म्हातारा झाला होता. तापला की त्याला भोवळ यायची. त्या दिवशी भोवळ आली आणि मी जागच्या जागी थांबले. मी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लावला, मेंदूत त्या सेन्सरचा एक कोड लिहिला आणि मनाशी म्हटलं, माझं काम मी केलं. आता कोणीतरी वाचेल.

क्रेनवाला आला. "ताई, तुम्ही रिक्षाने घरी जा. मी हिला मिस्त्रींकडे नेतो, फुलासारखी," असं म्हणाला. त्याने मला मागून उचलली. मागची चाकं हवेत, पुढची रस्त्यावर, अशी मला उलटी ओढत नेली. सगळं गाव पुढे बघत येत होतं आणि मी मागे बघत जात होते. स्टेअरिंगला कुलूप लागू नये म्हणून त्याने किल्ली फिरवून चालू ठेवली होती. म्हणजे माझा मेंदू जागा होता. आणि त्या बिचाऱ्याला काय दिसत होतं? पुढची चाकं धावतायत आणि मागची ढिम्म! असं कधी होतं का? त्याने घाबरून ब्रेकचा दिवा लावला, घसरण्याचा दिवा लावला, चाकांच्या नावाने एकामागून एक कोड लिहिले.

गॅरेजच्या मागच्या आवारात मला सोडून क्रेनवाला निघून गेला. किल्ली तशीच चालू.

मित्रांनो, तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दारं नसलेली एक निळी गाडी. तिच्या आसनातून गवत उगवलं होतं. तीही म्हणे दोन दिवसांसाठीच आली होती. समोर लोखंडी फाटक, त्याला साखळी. माझी बॅटरी थेंबाथेंबाने रिकामी होत होती. जसजसा जीव कमी झाला, तसतसा मेंदू बरळू लागला. दरवाजा बोलत नाही, घड्याळ बोलत नाही, पंखा बोलत नाही, असे नवे कोड, खोट्यावर खोटे. तापलेला माणूस बरळतो ना, तसंच. आणि या सगळ्या कालव्याच्या तळाशी माझा एकुलता एक खरा शब्द दबून गेला. मी हलू शकत नव्हते, पुसू शकत नव्हते, "हे सगळं नंतरचं आहे हो" असं ओरडू शकत नव्हते. शेवटी दिवे विझले. तेव्हा मी देवाला एकच म्हटलं, तू तर न बोललेलंही ऐकतोस. मग मला ऐकणारं एखादं माणूस धाड.

चार दिवसांनी मिस्त्रींचा हात माझ्यावर पडला. माणूस भला, कामाचा, पण समोर गाड्यांची रांग. त्यांनी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून तारा लावून मला शुद्धीवर आणलं, स्कॅनर जोडला आणि कोड वाचले. एक पान भरलं, दुसरं भरलं, तिसरं सुरू झालं. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला आणि ताईला फोन केला. "ताई, एखादा भाग गेला असता तर बदलला असता. हिचं सगळंच बोंबलतंय. मेंदू गेलाय. या गाडीचा नवा मेंदू आता मिळायचा नाही. भंगारवाला आज येणारच आहे, तुम्ही येऊन सामान काढून घ्या."

ताई आली. त्या दिवशी शेजारीण नव्हती आणि नानांना घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून त्यांनाही चाकाच्या खुर्चीतून ढकलत घेऊन आली. ताईने माझ्यातली फळी बाहेर काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मला कळलं, आपलं आटोपलं. फाटकाबाहेर भंगारवाल्याचा ट्रक येऊन उभा होता आणि तो साखळी सोडत होता.

मिस्त्री म्हणाले, "तुमच्या समाधानासाठी एकदा सगळे कोड पुसून बघतो. आमची रीतच आहे ती. आधी पाटी कोरी करायची. खरा आजार असेल तर कोड परत येतोच. परत आले, तर मग देऊन टाकू हिला."

मित्रांनो, माझी अवस्था काय सांगू! बॅटरी अजून मरगळलेली, म्हणजे बरळलेले खोटे कोड लगेच परत येणार. आणि खरा? तो सेन्सर चार दिवसांत थंडगार होऊन शहाण्यासारखा बसला होता. त्याचा कोड तापल्याशिवाय येणार नव्हता. म्हणजे खोटं उरणार, खरं पुसलं जाणार, आणि मी भंगारात. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! मिस्त्रींचा अंगठा बटणावर गेला.

"उद्या!" नाना एकदम ओरडले. "उद्या! उद्या!"

मिस्त्रींना हसू आलं. "काका, हे तर आमच्या गॅरेजचं वाक्य! तुम्ही कुठे शिकलात?"

"तसं नाही हो," ताई धावत आली. "आजारपणापासून त्यांच्याकडे हा एकच शब्द आहे. तो धरून बसलं की माणूस फसतो. पहिल्या महिन्यात मी वेड्यासारखी विचारायची, उद्या काय, उद्या काय? आता शब्द ऐकतच नाही. ओरडायच्या आधी काय झालं, ते बघते." ती खाली वाकली. "हे बघा. खुर्ची हलली आणि पाय टेकायच्या पट्टीवरून त्यांचा पाय घसरून चाकाखाली मुडपला." तिने पाय सोडवून जागेवर ठेवला. नाना शांत झाले. डाव्या हाताने त्यांनी तिचं डोकं थोपटलं. "उद्या," ते म्हणाले. या वेळी अगदी मऊ.

मिस्त्री स्कॅनर हातात धरून उभेच. अंगठा बटणावरून कधी उचलला गेला, ते त्यांनाही कळलं नसावं.

"ताई, गाडी चौकात बंद पडली तेव्हा दिवे कोणते लागले होते?"

"एकच. पिवळा, इंजिनाचा."

"ब्रेकचा? चाक घसरण्याचा?"

"नाही हो. मी चांगली बघत बसले होते, दुसरं करणार काय! ते मला इथेच दिसले."

मिस्त्रींनी क्रेनवाल्याला फोन लावला. "काय रे, ती पांढरी गाडी किल्ली चालू ठेवून आणलीस का?"

"मग काय मिस्त्री, नाहीतर स्टेअरिंग अडकतं."

"आणि इथे सोडल्यावर बंद केलीस?"

"हॅलो... मिस्त्री, तुमचा आवाज तुटतोय. हॅलो..."

"माझा आवाज बरा आहे, तुझी अक्कल तुटलीय!" मिस्त्रींनी फोन ठेवला आणि फाटकाकडे हात केला. "ओ भंगारवाले, जरा चहा घेऊन या! एवढ्यात नाही मिळत ही."

मग त्यांनी कोडांची पानं पुन्हा उलटली. चाकांचे कोड ओढून आणतानाचे म्हणून बाजूला काढले. दरवाजा, घड्याळ, पंखा ही बॅटरीची बडबड म्हणून बाजूला. असं करत करत तळाशी एकच उरला. माझा. मला भरलेली बॅटरी लावली. इंजिन लगेच सुरू झालं, आणि ताईचा चेहरा उजळला. पण मिस्त्री म्हणाले, "थांबा, एवढ्यात नाही." त्यांनी गरम हवेचा झोत त्या बोटभर सेन्सरवर धरला. थोडा वेळ गेला. सेन्सरला भोवळ आली आणि मी धपकन बंद पडले.

बंद पडल्यावर टाळ्या मिळालेली मी पहिलीच गाडी असेन!

संध्याकाळच्या आत नवा सेन्सर बसला. मिस्त्रींनी मला आवाराबाहेरच्या चढावर दोनदा पळवून चांगली तापवली. मी थांबले नाही. मगच त्यांनी ते पुसायचं बटण दाबलं. आणि काय सांगू, तेच बटण, तोच अंगठा, पण या वेळी मला इतकं हलकं वाटलं! देवापुढे मनातलं सगळं बोलून झाल्यावर माणसाला वाटत असेल, तसं. ताईने फळी लावली. नाना सरकत सरकत आत आले आणि दार लागलं.

म्हणून बाळांनो, हात जोडता येत नाहीत तरी जोडून सांगते. गाडी ओढून न्यायची वेळ आली, तर नेण्याआधी तिचे दिवे नीट बघून ठेवा. शक्य असेल तर तिला चारही चाकांसकट उचलून न्यायला सांगा, आणि पोहोचल्यावर किल्ली तेवढी बंद करा. कोड पुसणं वाईट नाही. ऐकायच्या आधी पुसणं वाईट. आणि हे फक्त माझ्यासारख्या लोखंडाचं नाही. घरात कोणी म्हातारं, कोणी तान्हं, कोणी रुसलेलं एकच एक शब्द ओरडत असेल, तर त्याच्यावर ओरडू नका, हसूही नका. खाली वाका. कदाचित त्याचा पाय कुठेतरी अडकला असेल.