बुरुजावरचा चिखल

मी रणगाडा बोलतोय. दचकू नका. मी जेमतेम वीतभर लांब आहे आणि माझ्या तोफेतून आजवर धूळसुद्धा उडालेली नाही. खऱ्या रणगाड्याला पस्तिसाने भागा, म्हणजे मी. अंगाने प्लॅस्टिकचा, स्वभावाने संशयी.

संशयी का, तेही सांगतो. माझा जन्मच मुळी थापेतून झाला. ज्या खोक्यात मी होतो त्यावर चित्र होतं: धडाडणारी तोफ, मागे आगीचे लोळ, उडणारी माती. आणि आत? पाच करड्या चौकटी, त्यांना लटकलेले तीनशे बारा तुकडे आणि एक घडीचा कागद. नाव मोठं, लक्षण खोटं! दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तेव्हापासून सगळंच फुंकून पितो.

मला विकत घेतलं ते दात बनवणाऱ्या एका गृहस्थांनी. ते दंतवैद्य नव्हेत. दंतवैद्य तोंडाचा साचा पाठवतात, आणि त्यावरून कवळी घडवायची ती या गृहस्थांनी. भागीदारीत त्यांची छोटीशी प्रयोगशाळा होती. मॉडेलं बांधणाऱ्या मंडळींचं गावात एक मंडळ होतं, तिथे त्यांना सगळे 'दातवाले' म्हणत. त्यांच्या पत्नी रेल्वेत तिकीट तपासनीस. घरातही त्यांचा दरारा असा, की दातवाले त्यांना 'बाईसाहेब' म्हणत. थट्टेने म्हणत की भीतीने, ते मला अजून कळलेलं नाही.

मागच्या खोलीत खिडकीपाशी एक टेबल होतं. प्रयोगशाळेतून आले की चहा घेऊन दातवाले तिथे बसत आणि जेवायची हाक येईपर्यंत माझं काम चाले. रणगाडा खालून वर बांधतात. आधी चाकं, मग धड, आणि सगळ्यात शेवटी तोफ बसवलेला वरचा फिरता बुरूज. माझी चाकं त्यांनी प्रयोगशाळेत, दात घासायच्या बारीक कागदावर घासली आणि तयार करूनच घरी आणली. काय चाकं होती! काचेवर सोडली तर एकही डुगडुगलं नाही. जगात माझा विश्वास बसला असेल तर तो त्या चाकांवर.

माणसावर मात्र बसेना. कारण हे गृहस्थ कामाला बसण्याआधी एक चमत्कारिक गोष्ट करत. दार लोटून घेत, उजवा हात समोर ताठ धरत आणि पसरलेल्या बोटांवर एक पातळ कागद ठेवत. मग त्या कागदाकडे टक लावून बघत. खिडकी बंद, पंखा बंद, आणि तरी कागद फडफडायचा. ते कागद घाईने खणात टाकत आणि चिमटा उचलत.

एकदा माझ्या पुढच्या दिव्यांची पाळी आली. दिवा केवढा? तिळाएवढा. दातवाले स्वतःशीच पुटपुटले, "आज दिवा बसला, तर उद्या कामावर जायचं. नाही बसला, तर भागीदाराला सांगून टाकायचं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या माणसाला माझं काही कौतुक नव्हतं. मी म्हणजे त्यांचा थर्मामीटर! आपला हात अजून लोकांच्या तोंडात घालायच्या वस्तू घडवण्याच्या लायकीचा आहे का, ते हे माझ्यावर रोज तपासून बघत होते. फार वाईट वाटलं मला. खोट्या चित्राचा अपमान मी गिळला होता, हा गिळवेना.

पहिला दिवा चौथ्या खेपेला बसला. दुसरा चिमट्यातून जो उडाला तो उडालाच. दातवाले रांगत रांगत अख्खी खोली धुंडाळत होते, तेवढ्यात दार उघडलं.

"अहो, काय शोधताय?" बाईसाहेबांनी विचारलं.

"कुठे काय? खोक्यात एक तुकडाच कमी आलाय. कंपन्यांचं काही खरं नाही हल्ली."

"मग जमिनीवर काय बघताय?"

"पाठ मोकळी करत होतो गं जरा."

बाईसाहेब दार लोटून गेल्या. आता दिवा बसला नव्हता. म्हणजे ठरल्याप्रमाणे भागीदाराला सांगायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन स्वारी कामावर! झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय. मी आपला एका डोळ्याने काणा होऊन टेबलावर बसलो होतो.

त्याच आठवड्यात टेबलाशी बसलेले असताना त्यांना फोन आला. एका निवृत्त शिक्षिकेचा होता. तिसऱ्यांदा दुरुस्त करून दिलेली कवळीसुद्धा त्यांच्या हिरडीला टोचत होती. दातवाले लोण्यासारख्या आवाजात म्हणाले, "बाई, कवळी अगदी चोख आहे. मी स्वतः केली आहे. सवय व्हायला लागतात थोडे दिवस. नेट धरा." फोन ठेवला आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट आवळून धरलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

मग रंगकाम सुरू झालं. फवाऱ्याने मारलेला रंग धुक्यासारखा बसतो, त्यात हात थरथरलेला कळत नाही. हिरवा रंग छान बसला. पण बुरुजावरचा आकडा! सगळं मंडळ तयार आकडे चिकटवतं, दातवाले मात्र हाताने रंगवत. तीन केसांच्या कुंचल्याने. त्यासाठीच ते प्रसिद्ध होते. माझा आकडा ठरला त्र्याऐंशी. तो त्यांनी एकदा काढला, पुसला. दुसऱ्यांदा काढला, त्याच्यावरच गिरवला. तिसऱ्या खेपेला ते कुंचला खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या कपाळावर आकडा नव्हता, पांढऱ्या किड्यांचं भांडण होतं.

आता या लोकांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. महिनोन्‌महिने खपून रणगाडा चकचकीत रंगवायचा आणि मग स्वतःच्या हाताने त्याची दुर्दशा करायची! स्पंजाने रंगाचे टवके उडाल्यासारखं करायचं, खिळ्यांखाली गंजाचे ओघळ काढायचे, खाचांत काळपट तेल सोडायचं. नवाकोरा रणगाडा मंडळात नेला तर त्याला खेळणं म्हणून हसतात. मीही ते सोसलं. जनरीत आहे, म्हटलं.

पण दातवाल्यांनी चिखल कालवायला घेतला तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. दातांच्या साच्याचं प्लॅस्टर, त्यात तपकिरी रंगाची पूड, दोन थेंब पाणी. चाकांना लावला, ठीक. बाजूच्या पत्र्याला लावला, तेही ठीक. मग त्यांनी दाराकडे एकवार बघितलं आणि उरलेला सगळा गोळा माझ्या बुरुजावर, नेमका त्र्याऐंशीवर थापला. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

मंडळाचं वार्षिक प्रदर्शन रविवारी होतं, म्हणून बाईसाहेबही आल्या. परीक्षक होते एक घड्याळजी. गळ्यात भिंग आणि जिभेला धार. ते माझ्यावर ओणवले.

"वा! चाकं बघा, चाकं. यंत्रातून काढल्यासारखी. दातवाले, हात तो हात!" भिंग हळूहळू वर सरकलं आणि बुरुजापाशी थांबलं. "पण एक सांगा, हा गडी काय कोलांट्या उड्या मारत आलाय?"

"म्हणजे?" दातवाल्यांनी विचारलं.

"अहो, चिखल उडतो खालून. चाकाला लागेल, पत्र्याला लागेल. आजूबाजूला एक शिंतोडा नाही आणि बरोबर आकड्यावर एवढा लपका? जिथे चिखल पोचूच शकत नाही तिथे तो दिसला, की समजायचं खाली काहीतरी झाकलंय. आमचे नवशिके हमखास करतात असं. तुम्ही कधीपासून करायला लागलात?"

सगळे हसले. दातवालेही हसले, पण त्यांचा उजवा हात खिशात गेला होता. बाईसाहेब हसल्या नाहीत. त्या एकदा माझ्याकडे बघत होत्या आणि एकदा त्या खिशाकडे.

घरी आल्यावर दातवाले हातपाय धुवायला गेले. बाईसाहेब सरळ मागच्या खोलीत आल्या. त्यांनी ओला कापूस माझ्या बुरुजावर दाबून धरला आणि अंगठ्याच्या नखाने चिखल खरवडला. प्लॅस्टरचा पोपडा निघाला. खालचा आकडा त्या बघत राहिल्या. मागे दारात दातवाले उभे होते, खांद्यावर पंचा.

"हे काय आहे?"

"कुंचला खराब होता गं. केस फिसकटले त्याचे."

"अहो, तीस वर्षं गाडीत तिकिटं तपासते आहे मी. ज्याच्याकडे तिकीट असतं तो काढून दाखवतो. नसतं, तो खिसे चाचपत बसतो. तुम्ही गेले कितीतरी महिने नुसते चाचपताय. आधी तुकडा कमी आला, मग पाठ अवघडली, आता कुंचला. चहाचा कप हल्ली डाव्या हाताने धरता, तेही मला दिसतं. हात काढा बघू पुढे."

त्यांनी हात पुढे केला. बाईसाहेबांनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला, तरी तो थांबेना.

"मला दिसत होतं हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून वाट बघत बसले. चुकलंच माझं."

पुढच्या आठवड्यात मला टॉवेलात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात घालण्यात आलं. मला वाटलं, गेलो रद्दीत. पण डबा उघडला तो नसांच्या विकारांच्या डॉक्टरीणबाईंपुढे. त्या विचारत होत्या, "हाताला कंप कधीपासून आहे?"

"झाला असेल एखादा महिना. दगदग झाली की होतं," दातवाले म्हणाले.

बाईसाहेबांनी मला उचलून टेबलावर ठेवलं. "डॉक्टर, हे खालून वर बांधत नेतात. चाकं यांनी आठ महिन्यांपूर्वी केली. मग हे धड. हा आकडा गेल्या महिन्यातला. तुम्हीच बघा."

डॉक्टरीणबाईंनी मला उलटा केला. चाकं बघितली. मग बाजूच्या कड्या, त्या किंचित कललेल्या. मग दिव्याभोवतीचं डिंकाचं ढेकूळ. मग बुरूज. कोणावरही विश्वास न ठेवणारा मी, माझ्याच मालकाविरुद्ध साक्षीला उभा होतो, आणि माझ्यावर त्यांच्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला जात होता. मला मुळीच आनंद झाला नाही.

"म्हणजे आठ महिन्यांपूर्वी हात स्थिर होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नव्हता," दातवाले एकदम बोलले. त्यांनी मान खाली घातली होती. "ती चाकं मी चार-चार वेळा केली. सुटे संच मागवून मागवून. बिघडलेली प्रयोगशाळेच्या कचऱ्यात टाकली आणि चांगली तेवढी घरी आणली. वर्ष होऊन गेलंय, डॉक्टर."

ऐकलंत? चाकंसुद्धा! मला भोवळ आली असती, पण माझ्या अंगात तेवढी सोय नाही. एवढं मात्र खरं, की त्या दिवसापासून मला दातवाले आवडायला लागले. ते कोणी न विचारता खरं बोलले होते.

औषधं सुरू झाली. कंप थोडा कमी होईल, जाणार नाही, असं सांगण्यात आलं. त्याच संध्याकाळी दातवाल्यांनी आधी भागीदाराला फोन केला आणि मग त्या शिक्षिकाबाईंना. मी टेबलावरच होतो.

"बाई, तुमची कवळी चोख नाही. कधीच नव्हती. माझा हात थरथरतो आणि मी ते लपवलं. माझे भागीदार तुम्हाला नवी करून देतील."

फोनमधून बाईंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "अगं बाई! आणि मी सुनेला म्हणत होते, वयाने माझा जबडाच वाकडा झाला. तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होतात ना, मला वाटलं, खोट माझ्यातच आहे. सहा महिने तोंडावर हात धरून बोलते आहे हो मी."

 फोन दातवाल्यांच्या कानाशी थडथडत होता, आणि गालावरून पाणी ओघळत होतं. बाईसाहेबांनी फोन घेतला आणि त्या बाईंशी बोलल्या.

आता मी बाहेरच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर असतो. बुरुजावरचा त्र्याऐंशी उघडाच आहे. कोणी विचारलं तर दातवाले सांगतात, "हात थरथरतो माझा." ते कामावर जातात, पण हत्याराला हात लावत नाहीत, नुसती तपासणी करतात. ती मात्र एवढी कडक, की भागीदार वैतागला आहे म्हणे.

माझा संशयी स्वभाव काही गेलेला नाही. पण मी संशय घेतला तो दुसऱ्यांवर. त्या शिक्षिकाबाईंनी सहा महिने स्वतःवर घेतला, आणि तोही या माणसाच्या शब्दावर. तेवढं मला अजून सहन होत नाही.

तेव्हा जाता जाता एक विनवणी. घरातलं कुणी एखादी जागा फार निगुतीने झाकताना दिसलं, तर वाट बघत बसू नका. सरळ जवळ बसा आणि विचारा. मी त्या टेबलावर पहिल्या दिवसापासून सगळं बघत होतो, पण मला विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.