नाव आणि पत्ता

आमच्या ओल्सन स्ट्रीटच्या टोकाला बोलिंगची जुनी इमारत पाडून तिथे बेघरांसाठी आधारगृह बांधायचं नगरपालिकेनं काढलं आणि सगळ्या गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. प्रत्येकाला स्वतःची खोली, खाली रात्रंदिवस देखरेखीला माणसं, एक नर्स. ऐकायला छानच. पण थोड्याच दिवसांत घराघरापुढच्या हिरवळीवर 'इथे नको'च्या पाट्या उभ्या राहिल्या. माझ्या दारातली पाटी शेजारच्या व्हर्ना हॅलडेननं स्वतः हातोडीनं ठोकली, मला न विचारता.

व्हर्नाला भीती नशेच्या सुयांची, गॅरेज फुटण्याची, शाळेतून येणाऱ्या नातींच्या जिवाची. मला भीती होती एकाच माणसाची, आणि तो माझा मुलगा होता.

डार्सी त्याचं नाव. तो नदीवरच्या पुलाखाली तंबूत राहतो हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. मुळात मला मुलगा आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आधीच्या घरी, एका हिवाळ्यात, नशेत त्यानं बाथरूमचं दार लाथा घालून फोडलं होतं. दाराच्या आत मी होते. सकाळी त्याला काहीच आठवत नव्हतं. मला सगळं आठवतं. मी ते घर विकलं, गावाच्या दुसऱ्या टोकाला आले, फोन नंबर बदलला. बेघरांना जेवू घालणाऱ्या चर्चच्या स्वयंपाकघरात त्याच्यासाठी लोकरीचे मोजे आणि पीचचे डबे ठेवून येते, पण पत्ता तिथल्या बायकांनाही सांगितलेला नाही. ही कसली आई, असं कुणाला वाटलं तर वाटू दे. दाराच्या आत ते नव्हते.

माझं घर बोलिंगच्या इमारतीला लागून, आणि पहिल्या खोल्यांतली एक डार्सीला मिळणार असं चर्चच्या बायका म्हणत होत्या. आता त्याची खिडकी माझ्या अंगणावर उघडणार. कपडे वाळत घालताना मी त्याला दिसणार.

"सुनावणीत तू बोलायचंस हं, लोर्ना," व्हर्ना माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझेच बटर टार्ट खात म्हणाली. "तू शाळेत नर्स होतीस. तुझं लोक ऐकतात. मी उभी राहिले की म्हणतात, आली भांडकुदळ!"

"मग आहेसच तू."

"आहेच मुळी! म्हणून तर तू हवीस."

मी हो म्हटलं. तिच्या आग्रहापायी नव्हे. ती इमारत उभी राहू नये असं मला मनापासून वाटत होतं.

आमच्याकडे जनसुनावणीची एक रीत आहे. माइकसमोर गेलात की आधी नाव सांगायचं, मग पत्ता. ज्याचं घर जवळ त्याच्या शब्दाला वजन. लोक घराचा नंबर असा सांगतात जणू पदकच मिळालंय. शिवाय एका माणसानं एकदाच बोलायचं. मी घरी आरशासमोर ठरवून गेले होते, नुसतं नाव सांगायचं. सुनावणी टीव्हीवर दिसते, कोण कुठे बघत असेल सांगता येत नाही.

सभागृह खच्चून भरलं होतं. पुढे आमची गल्ली, मागे चर्चची मंडळी. मी मागे पाहिलं नाही. माझ्या आधी आमच्याच गल्लीतले किती तरी जण बोलले, आणि दर वेळी नाव, पत्ता, टाळ्या. माझी पाळी आली तशी मी माइकपाशी गेले.

"लोर्ना पेट्रिक," मी म्हणाले. आणि जीभ आपोआप पुढे गेली, "चौदा, ओल्सन स्ट्रीट."

टाळ्या पडल्या. जे मी चर्चमधल्या बायकांपासून लपवलं होतं ते सगळ्या गावाला सांगून बसले होते. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. भीतीनंच मला बोलतं केलं.

"दारापलीकडचा माणूस पुढच्या क्षणी काय करेल, सांगता येत नाही," मी म्हणाले. "नशेत असा माणूस आईलासुद्धा ओळखत नाही. मी एकटी राहते. मला भीती वाटते. कृपा करून ते इथे बांधू नका."

मी जागेवर आले. व्हर्नानं माझा हात दाबला. "जिंकलीस गं," ती कुजबुजली.

"पुढचे वक्ते," महापौरबाई म्हणाल्या. मागून कुणीतरी चालत आलं. ती चाल मी झोपेतही ओळखली असती. डावा पाय किंचित ओढत. धुतलेला शर्ट, ओले विंचरलेले केस. कुणीतरी त्याची दाढी करून दिली होती.

"डार्सी," तो म्हणाला. आडनाव त्यानं घेतलं नाही.

"आणि पत्ता?"

"पत्ता नाही, बाई. म्हणून तर आलोय."

मागची मंडळी हसली. आता हा माझ्याकडे बोट दाखवणार, असंच मला वाटलं. मी पर्स छातीशी धरली.

"मी पाठ करून आलो होतो," तो म्हणाला. "चर्चच्या बायकांनी तयारी करून घेतली होती. पहिल्या खोल्यांतली एक मला मिळणार, असं त्या म्हणतात. आतून कडी लावता येणारं दार. तंबूला फक्त चेन असते, ती कुणीही बाहेरून उघडतं. झोप लागत नाही." तो थांबला. माइकमधून त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. "इमारत बांधा. माझ्या मित्रांना खोल्या द्या. मला मात्र नको. तिथे माझ्यामुळे एका माणसाला झोप लागणार नाही. तेवढंच सांगायचं होतं."

त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. हात दोन्ही बाजूंना मोकळे ठेवून, तळवे दिसतील असे, तो परत निघाला.

"बघ!" व्हर्ना म्हणाली. "त्यांच्यातल्यालाच नकोय. सुंठीवाचून खोकला गेला!"

आमच्या ओळीत टाळ्या सुरू झाल्या. त्या मला सहन झाल्या नाहीत. मी उठून उभी राहिले.

"त्याला खोली द्या," मी म्हणाले. "तो माझा मुलगा आहे."

"बाई, आपलं बोलून झालंय," महापौरबाई हळूच म्हणाल्या. "एकदाच बोलता येतं. हे नोंदीत धरता येणार नाही."

"नका धरू. मला त्याची भीती वाटते, अजून वाटते. तरी द्या."

"कृपया खाली बसा."

व्हर्नानं आमच्या दोघींच्या मध्ये जमिनीवर ठेवलेली तिची पर्स उचलली आणि पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवली. मागे दार उघडून बंद झाल्याचा आवाज आला. मी ओळीतून बाहेर पडले. लोकांनी पाय आखडून घेत मला वाट दिली, जरा जास्तच मोठी. दाराच्या कडीवर हात ठेवला. पलीकडे पायऱ्यांवर कुणी उभं असेल की नसेल, या दोन्हींची मला सारखीच भीती वाटत होती. मी दार ढकललं.