ताईचा मंगळ

सुलेखाताईला कडक मंगळ आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना तिच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ होतं. त्यापायी तीन स्थळं परत गेली. मग तिच्या आधी माझं, धाकट्या भावाचं, लग्न उरकलं आणि मी निमूटपणे बोहल्यावर चढलो. त्याची लाज मला अजून वाटते.

२००३च्या उन्हाळ्यात, सत्तेचाळिसाव्या वर्षी, ताई आमच्याकडे जर्मनीत गेर्लिंगेनला आली आणि कुमार देवधरांशी तिची ओळख झाली. इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, विधुर, बोलणं मोजकं. तरी ताईला रोज फोन! शेवटी त्यांनी सरळ लग्नाचं विचारलं. शनिवारी ताईचं परतीचं विमान होतं आणि गुरुवार संपत आला तरी हिचं उत्तर नाही.

"त्यांची एक बायको गेली, दत्ता. आता माझ्या मंगळामुळे त्यांचंच काही झालं तर?"

"अगं, तू बँकेत ऑफिसर आहेस!" मी चिडलोच.

"म्हणूनच जोखीम कळते मला."

मी कपाळावर हात मारला.

त्या दिवशी अंधार पडल्यावर शेजारच्या फ्राऊ केलरबाईंनी अंगणात दुर्बीण लावली. मंगळ हजारो वर्षांत इतका जवळ आला नव्हता म्हणे, पेपरात रोज तेच. माझी लेक ऋचा आत्याला ओढतच घेऊन गेली. अंगणात येताच ताईनं पश्चिमेकडे पाठ केली.

"तो तांबूस आहे ना, तोच. पुण्यात गच्चीवर वाळवणं उचलायला गेले की दिसायचा. मी बघतच नाही त्याच्याकडे."

"नाइन, आत्या, तो मंगळ नाही! लुकलुकतोय बघ."

पुढचं ऋचानं जर्मनमध्ये झाडलं आणि मी मराठीत सांगत गेलो. तारे इतके लांब की आपल्याला नुसता ठिपका दिसतो. मधली हवा हलली की ठिपक्याचा उजेडही थरथरतो. ग्रह त्या मानानं जवळ, त्याची बारीकशी चकती असते. तिच्या एका कडेचा उजेड हलला तरी बाकीचा सांभाळून घेतो, म्हणून ग्रह शांत दिसतो.

"मग ती चांदणी कोण?" ताईनं मान वळवून विचारलं.

"ती स्वाती," मी म्हणालो.

"मोत्यांची स्वाती?" ताई पुरती तिच्याकडे वळली. "जन्मभर तिच्याकडे पाठ केली मी?"

ऋचानं तिला आग्नेयेकडे वळवलं. तिथे तो होता, नारिंगी, ठळक, जागचा न हलणारा. ताईनं दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"एवढासाच?" ती म्हणाली. "मसुराच्या डाळीचा दाणा."

मग तिनं माझा फोन मागितला.

"अहो, सुलेखा बोलतेय. मला कडक मंगळ आहे. तुम्हाला सांगितलं नव्हतं, भीती वाटत होती... नाही, आधी बाहेर या आणि आग्नेयेला बघा. लुकलुकत नाही तो... दिसला? नीट बघा. आणि मग सांगा, शनिवारचं तिकीट रद्द करू का?"

पलीकडचं उत्तर मला ऐकू आलं नाही. फोन परत देताना ताई रडत होती.

"दत्ता," ती म्हणाली, "त्या तिकिटाच्या एजंटचा नंबर दे."